एमआरआय रिपोर्टमधलं 'स्नायूत चरबी, ग्रेड ३' नेमकं कसं ठरवतात?

कादवाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:५०

नानांच्या (माझे वडील, वय ६२) उजव्या खांद्याचा एमआरआय शनिवारी नाशिकला केला. सुप्रास्पायनेटसची (हात वर उचलणारा खांद्यावरचा स्नायू) दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा, पूर्ण तुटली आहे असं रिपोर्टमध्ये आलंय. त्याखाली एक ओळ आहे: सुप्रास्पायनेटसमध्ये चरबीचा शिरकाव, गुटॅलियर ग्रेड ३, त्याच्या मागच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूत ग्रेड २. पहिल्या सर्जननी ही ओळ वाचली आणि म्हणाले, शिवून फारसा उपयोग होईल असं वाटत नाही, स्नायूच राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तीच सीडी दुसऱ्या सर्जनना दाखवली. त्यांनी बराच वेळ चित्रं पुढेमागे केली आणि म्हणाले, मला हा दोन वाटतो, शिवूया.

खांदा एकच, सीडी एकच, मग एकाला तीन आणि दुसऱ्याला दोन कसं दिसतं? निफाडला परत येताना गाडीत नाना एकच वाक्य बोलले, "एका आकड्यावर माझा हात ठरणार का?" मला उत्तर देता आलं नाही.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. गेल्या सप्टेंबरात पिंपळगावला माल नेताना टोमॅटोची क्रेट ट्रॉलीवर चढवली, वीस किलोची, आणि खांद्यात कट्ट झालं. आठ दिवस रात्री झोप नव्हती. एका ठिकाणी दाखवलं तर फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि शेक, गोळ्या, व्यायाम लिहून दिले. मग द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आली, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आलं, थिनिंग (मणी विरळ करणं) आलं. बागेतलं काम म्हणजे सगळे हात डोक्याच्या वर. नानांनी डाव्या हाताने उजव्याला टेकू देऊन हंगाम काढला आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. अकरा महिने असेच गेले.

तर हा ग्रेड कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि ही चरबी परत जाते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

सातपूरची_फिजिओ | १२ ऑगस्ट, रात्री १०:३५

दादा, चरबीचं रेडिऑलॉजिस्ट सांगतील. मी फ्रोझन शोल्डरबद्दल बोलते, कारण माझ्याकडे एमआयडीसीतले कामगार आणि दिंडोरी-निफाडचे बागायतदार हाच शिक्का घेऊन येतात आणि त्यातल्या काहींची दोरी तुटलेली निघते.

फ्रोझनमध्ये सांध्याभोवतीची पिशवीच आकसलेली असते. त्यामुळे रुग्णाने उचलला काय नि मी उचलला काय, हात एका जागी येऊन अडतो. तुटलेल्या दोरीत मी हात उचलला तर तो वर जातो, पण मी सोडला की तिथे ठरत नाही. नानांचा हात तुम्ही अलगद वर नेऊन पाहिला आहे का?

दुसरी गोष्ट. कोपर कमरेला टेकवायचं, काटकोनात वाकवायचं, पंजा बाहेरच्या बाजूला फिरवून द्यायचा आणि म्हणायचं, इथेच धरून ठेवा. पंजा आपोआप पोटाकडे परत आला तर मागचा इन्फ्रास्पायनेटस कमकुवत आहे अशी शंका घ्यायची. हे घरी जोर लावून करू नका, सर्जनकडे जाल तेव्हा त्यांना करून बघायला सांगा. चित्रातला आकडा आणि हातातली ताकद दोन्ही एका जागी मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असं माझं अनुभवाने झालेलं ठाम मत आहे.

कादवाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, आत्ताच पाहिलं. मी उचलला तर हात पार कानाला लागतो. सोडला की खाली येतो आणि नाना डाव्या हाताने झेलतात. अकरा महिन्यांत हे साधं करून बघायचं आम्हाला कुणाला सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

नोटप्रेस_निवृत्त | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

माझा डावा खांदा ५८व्या वर्षी शिवला. रिपोर्टमध्ये ग्रेड १ होता. त्या वेळी सर्जन म्हणाले होते, दोरी जोडणं माझ्या हातात आहे, पण दोरी ओढणारा गडी जिवंत पाहिजे. तुमच्या धाग्यातला प्रश्न हाच आहे. आता मी वरच्या फळीवरचा डबा काढतो. नानांना सांगा, घाबरू नका, पण टाळूही नका.

फिल्मवाचक | १३ ऑगस्ट, रात्री ९:२०

मी रेडिऑलॉजिस्ट आहे, नाशकातच काम करतो. फिल्म पाहिल्याशिवाय नानांबद्दल काही बोलणार नाही, पण ग्रेड कसा ठरतो ते नीट सांगतो, कारण हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि रिपोर्टमध्ये आम्ही तो एका ओळीत उरकतो.

रिपोर्टमधलं 'गुटॅलियर' म्हणजे दानिएल गुताल्ये, पॅरिसजवळच्या क्रेतेय गावातल्या हाँरी माँदोर रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली ही पाच पायऱ्यांची प्रतवारी मांडली. शून्य म्हणजे स्नायूत चरबी नाही. एक म्हणजे चरबीच्या काही बारीक रेघा. दोन म्हणजे चरबी बरीच, पण स्नायू तिच्याहून जास्त. तीन म्हणजे निम्मं-निम्मं. चार म्हणजे चरबी स्नायूहून जास्त.

आता हे लक्षात घ्या की ही प्रतवारी मुळात सीटी स्कॅनवर, आडव्या कापांवर बसवलेली आहे. सीटीत प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो: पाणी शून्य, चरबी साधारण उणे शंभरच्या आसपास, निरोगी स्नायू अधिक पन्नासच्या आसपास. तरीसुद्धा गुताल्येंनी आकडे मोजले नाहीत, डोळ्यांनी पाहून पायऱ्या पाडल्या. पुढे १९९९ साली झुरिकच्या फुक्स आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत एमआरआयवर वापरून पाहिली आणि पाच पायऱ्यांचे तीन गट केले: शून्य आणि एक मिळून जवळपास चांगला स्नायू, दोन मध्यम, तीन आणि चार मिळून गंभीर. आजचे बहुतेक रिपोर्ट एमआरआयवर बघतात पण नाव गुताल्येंचं लिहितात.

म्हणजे दोन आणि तीन यांच्यात मोजपट्टी नाही. 'चरबी स्नायूहून कमी' आणि 'चरबी स्नायूइतकी' यातली सीमा माणसाची नजर ठरवते. दोन अनुभवी डॉक्टरांचं एकाच फिल्मवर एका पायरीने न जुळणं हे या पद्धतीत वारंवार घडतं, त्यावर बरेच अभ्यास झालेले आहेत. शून्य आणि चार यांवर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो नेमका दोन-तीनच्या बांधावर, आणि शिवायचं की नाही हेही तिथेच ठरतं. नानांच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय.

पण नजरेच्या आधी एक प्रश्न असतो: कोणत्या कापावर पाहिलं? तुम्ही निफाडचे आहात म्हणून बागेतूनच सांगतो. द्राक्षाचा वाय अँगल, म्हणजे वेल चढवायचा इंग्रजी Y सारखा खांब, डोळ्यांसमोर आणा. खांद्यामागचा फरा आम्ही बाजूने, उभ्या कापांत चिरत आतल्या दिशेला जातो. बाहेरच्या कापांत फऱ्याचे तुकडे सुटे दिसतात. आत जाता जाता एक काप असा येतो की मागचा कणा फऱ्याच्या पात्याला पहिल्यांदा येऊन मिळतो, आणि हाडांचा चक्क वाय तयार होतो. उभा खांब म्हणजे फऱ्याचं पातं, मागचा हात म्हणजे फऱ्याचा कणा, पुढचा हात म्हणजे कोरॅकॉइड, फऱ्याचं पुढे आलेलं टोक. दोन हातांच्या मधल्या बेचक्यात बसतो तो सुप्रास्पायनेटस. खांबाच्या मागे, कण्याच्या खाली इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर. खांबाच्या पुढे सबस्कॅप्युलॅरिस. ग्रेड या कापावर द्यायचा, असा रिवाज आहे.

वायच्या दोन्ही टोकांना तार बांधली अशी कल्पना करा. निरोगी सुप्रास्पायनेटस त्या तारेच्या वर फुगून आलेला असतो. वाळलेला स्नायू तारेखाली बेचक्यात पडून राहतो. याला टँजंट साइन म्हणतात, झानेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली सांगितलेली खूण. ती चरबी सांगत नाही, स्नायू किती रोडावला ते सांगते. चरबी आणि रोडावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिपोर्टमध्ये त्या दोन्ही वेगळ्या लिहिलेल्या असाव्यात.

आता दादा, तुमच्या सीडीत 'सॅजिटल टी-१' नावाची सिरीज आहे का ते पाहा. टी-१मध्ये चरबी पांढरी आणि स्नायू राखाडी दिसतो, म्हणून ग्रेड त्यावर देतात. काही ठिकाणी सॅजिटल सिरीज फक्त फॅट-सॅट घेतात. त्यात चरबी मुद्दाम काळी केलेली असते, सूज आणि पाणी उठून दिसावं म्हणून. दोरीची फाट बघायला ती उत्तम, पण चरबीचा ग्रेड द्यायला अडचणीची.

कादवाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री १०:०२

डॉक्टर, वाय अँगलचं वाचून दाखवलं तेव्हा नाना उठून बसले. दोन प्रश्न आहेत. ही चरबी येते कुठून? नाना तर किडकिडीत आहेत, तूपसुद्धा खात नाहीत. आणि शिवल्यावर ती जाते का?

फिल्मवाचक | १४ ऑगस्ट, रात्री ८:४५

खाण्याशी तिचा थेट संबंध लावू नका. किडकिडीत माणसाच्या खांद्यातही ग्रेड ४ दिसतो.

दोरी तुटली की स्नायूवरचा ताण जातो. ताण गेला की स्नायू आखडून आतल्या बाजूला सरकतो. त्याचे धागे पिसाच्या शिरांसारखे तिरपे बसलेले असतात. स्नायू आखूड झाला की त्यांचा तिरपेपणा वाढतो, धाग्याधाग्यांमध्ये पोकळी पडते आणि त्या पोकळीत चरबी भरते. झुरिकमध्येच मेंढ्यांच्या खांद्यांवर हे टप्प्याटप्प्याने तपासलं गेलं आहे. शेतकऱ्याच्या भाषेत, रान पडीक टाकलं की तण माजतं. कधी कधी या स्नायूंकडे जाणारी सुप्रास्कॅप्युलर नस दाबली गेली तरी दोरी शाबूत असताना चरबी येते, म्हणून नसेचाही विचार करावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला बरं वाटणार नाही. भरलेली चरबी शिवल्यानंतर सहसा निघून जात नाही. टाका टिकला तर ती बहुधा आहे तिथे थांबते. टाका पुन्हा सुटला तर वाढत जाते. आणि जितकी चरबी जास्त तितका टाका सुटण्याचा धोका जास्त, कारण असा स्नायू ताठ झालेला असतो, ओढून जागेवर आणताना दोरीवर भार येतो. म्हणून सर्जन हा आकडा एवढा मनावर घेतात. गुताल्येंनी स्वतः पुढे सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस आणि सबस्कॅप्युलॅरिस या तिन्ही मोठ्या स्नायूंच्या ग्रेडची सरासरी काढून धोका मांडला. ती सरासरी दोनच्या वर गेली की टाका टिकण्याची आशा बरीच कमी होते, असं त्यांचं निरीक्षण होतं.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. फ्रान्समधल्या मोठ्या रुग्णसंख्येच्या पाहणीत, त्रास सुरू झाल्यापासून सुप्रास्पायनेटसमध्ये मध्यम चरबी यायला सरासरी ३ वर्षं आणि गंभीर चरबी यायला सरासरी ५ वर्षं लागलेली दिसली. एकाहून जास्त दोऱ्या गेल्या असतील तर हे लवकर घडतं. सरासरी ही सरासरीच, प्रत्येकाला ती लागू पडेल असं नाही. पण अकरा महिन्यांत ग्रेड ३ म्हटल्यावर मला फिल्म पुन्हा एकदा बघावीशी वाटते. एक तर दोरी क्रेट उचलण्याच्या आधीच थोडी थोडी फाटत आलेली असेल, किंवा काप चुकला असेल.

काप चुकला तर काय होतं तेही सांगतो. स्नायू आत सरकला की त्याची बाहेरची जागा रिकामी होते आणि तिथे चरबीच दिसते. वायच्या बाहेरच्या कापावर नजर टाकली तर बेचक्यात पांढरं पांढरं दिसणार. ती स्नायूतली चरबी नव्हे, स्नायू सोडून गेलेल्या जागेतली.

पंचवटीकर | १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

थोडं विषयांतर करते, माफ करा. आईच्या कंबरेच्या एमआरआयमध्ये 'मल्टिफिडसमध्ये चरबीचा शिरकाव' असं आलंय. तिचं वय ६७. ती फॅटी लिव्हरसारखं काही समजून बसली आहे आणि तिने भाकरीवरचं तेलही बंद केलंय. हाच ग्रेड का?

फिल्मवाचक | १४ ऑगस्ट, रात्री ९:५५

ताई, लिव्हरशी याचा संबंध नाही, आईंना तेल घेऊ द्या. मल्टिफिडस म्हणजे मणक्याला खेटून दोन्ही बाजूंना असणारा खोल स्नायू. तिथे बरेचदा वेगळी प्रतवारी वापरतात: चरबी दहा टक्क्यांपर्यंत असली तर ठीक, दहा ते पन्नास थोडी, पन्नासच्या वर जास्त. कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांपाशी या वयात ती अगदी सर्रास दिसते. पाठ दुखते ती तिच्यामुळेच, असा सरळ हिशोब मांडता येत नाही. तिथे शिवायला काही नसतं. आईंना पाठीचे व्यायाम शिकवणारी चांगली फिजिओ शोधा.

स्नायूंच्या आनुवंशिक आजारांतही मांडीच्या स्नायूंची अशीच प्रतवारी करतात, पण तो स्वतंत्र विषय आहे.

कॉलेजरोडकर | १४ ऑगस्ट, रात्री ११:१०

इंजिनिअर म्हणून विचारतो. एवढं मोठं यंत्र असून शेवटी डोळ्यांचा अंदाज? टक्के मोजता येत नाहीत का?

फिल्मवाचक | १५ ऑगस्ट, सकाळी १०:४०

येतात. डिक्सन पद्धत त्यासाठीच आहे, १९८४ सालची. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या वेगाने गिरक्या घेतात. दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रावर हा फरक सेकंदाला साधारण २२० फेऱ्यांचा असतो. त्यामुळे दोघे एका क्षणी एका ताला­त येतात आणि पुढच्या क्षणी विरुद्ध तालात. दोन्ही क्षणांची चित्रं घेतली की बेरीज-वजाबाकीने पाणी वेगळं, चरबी वेगळी करता येते आणि प्रत्येक ठिपक्यात चरबी किती टक्के ते निघतं. संशोधनात हेच वापरतात. रोजच्या कामात खांद्याला सहसा कुणी मागत नाही. सर्जनची पिढी गुताल्येंच्या पायऱ्यांवर वाढली आहे आणि शस्त्रक्रियेचे निकालही त्याच पायऱ्यांना जोडून नोंदलेले आहेत. 'अडतीस टक्के' लिहून दिलं तर त्याचं काय करायचं ते अजून सगळीकडे ठरलेलं नाही. माझं वैयक्तिक मत असं की दोन-तीनच्या बांधावरच्या रुग्णाला तरी टक्के मोजून द्यावेत.

कादवाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ८:३०

सीडी उघडून पाहिली. सॅजिटलच्या दोन सिरीज आहेत. एक फॅट-सॅट. दुसरी टी-१, पण ती आतपर्यंत गेलेलीच नाही. मी एक एक चित्र पुढे नेत गेलो, शेवटच्या चित्रातही वाय जुळत नाही, कणा सुटाच दिसतो. बेचक्यात पांढरं भरलेलं आहे आणि त्यात राखाडी ठिपका.

फिल्मवाचक | १७ ऑगस्ट, रात्री ९:०५

मग त्या सिरीजवर ग्रेड द्यायलाच नको होता. सेंटरला जाऊन विनंती करा: फक्त सॅजिटल टी-१, फऱ्याच्या आतपर्यंत, निदान वायच्या पुढचे तीन-चार काप तरी. काही मिनिटांचं काम आहे. शांतपणे बोला. खांद्याची कॉइल (खांद्याभोवती बसवायचा, संदेश पकडणारा भाग) लहान असते, चौकट आत ढकलायची राहून जाते. हे माझ्याकडूनही झालेलं आहे आणि मी रुग्णाला परत बोलावलेलं आहे.

कादवाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री १०:१५

सेंटरवाल्यांनी पैसे न घेता सिरीज पुन्हा काढून दिली, त्यांचे आभार. नवीन रिपोर्ट: वाय कापावर सुप्रास्पायनेटस ग्रेड २, इन्फ्रास्पायनेटस ग्रेड १, सबस्कॅप्युलॅरिस ० ते १. स्नायू तारेला जेमतेम टेकतोय.

आज नानांना घेऊन मुद्दाम पहिल्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आधीची सिरीज आणि नवी सिरीज शेजारी शेजारी लावली. मग ताईंनी सांगितलेली कोपराची चाचणी केली. पंजा थरथरला, पण जागेवर राहिला. सर्जन सरळ म्हणाले, माझं आधीचं मत त्या चित्रांवर होतं, आता मी शिवायला तयार आहे. हेही म्हणाले की ग्रेड २ म्हणजे धोका नाही असं नाही, टाका सुटू शकतो, आणि तसं झालं तर पुढे वेगळे पर्याय बघावे लागतील, रिव्हर्स सांध्यापर्यंत (उलट्या रचनेचा कृत्रिम खांदा). त्यांनी असं मोकळेपणाने सांगितलं म्हणून त्यांच्याकडेच करायचं ठरवलंय. तारीख २७ ऑगस्ट.

आता अडचण नानांची. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात म्हणजे थेट ऑक्टोबर छाटणीत. नानांचं म्हणणं, हंगाम उरकून मार्चमध्ये करू, अकरा महिने काढले तसे आणखी सात काढीन.

सातपूरची_फिजिओ | २१ ऑगस्ट, रात्री १०:५०

नाही. कृपया नाही. सात महिने हात डोक्याच्या वर नेऊन काम म्हणजे उरलेली दोरीही जाईल. फाट इन्फ्रास्पायनेटसकडे सरकली तर आजचा एक उद्या तीन होईल. काका, तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाच सांगते: पट्टा निघाल्यावरही लगेच कात्री धरता येणार नाही. आधी दुसऱ्याने हात हलवायचा, मग स्वतः, आणि ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी, तेही सर्जन सांगतील तेव्हाच. या वर्षीची छाटणी आणि डिपिंग दोन्ही तुमच्या हातून होणार नाही, हे आत्ताच धरून चाला. पुढच्या वर्षीच्या छाटणीसाठी आपण काम करू.

नोटप्रेस_निवृत्त | २२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पट्टा असताना आरामखुर्चीत टेकून झोपावं लागतं, पलंगावर नीट झोप लागत नाही. खुर्ची आधीच आणून ठेवा. सदरे पुढून बटणांचे घ्या.

कादवाकाठ | २८ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

काल शस्त्रक्रिया झाली. दोरी ओढून जागेवर आली, ताण फार नव्हता असं सर्जन म्हणाले. दोन ओळीत टाके घेतलेत. नाना जागे आहेत, चहा घेतला, डाव्या हाताने.

छाटणी या वर्षी चुलतभाऊ बघणार आहे. सकाळी तो भेटायला आला तर नानांनी एमआरआयच्या पाकिटावर डाव्या हाताने वेडावाकडा वाय काढला, दोन टोकांना तार ओढली आणि त्याला समजावत होते की माल कुठे बसलाय आणि तण कुठे. मग त्याच कागदाच्या मागे पेस्टिंगला (छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावायला) किती माणसं लागतील याचा हिशोब लिहून दिला.

पट्ट्याच्या काळात बोटं आणि मनगट हलवायला सर्जननी सांगितलंय, दर दोन तासांनी. ताई, त्यासाठी मऊ चेंडू घ्यायचा की नुसती मूठ?

सातपूरची_फिजिओ | २८ ऑगस्ट, रात्री ९:१०

नुसती मूठ पुरे. मोज्याची गुंडाळी धरली तरी चालेल. कोपर पोटापासून दूर जाऊ देऊ नका, एवढं पाहा.